पन्नास हर्ट्झचा शेजार

१५ नोव्हेंबर २०२४ या दिवशी नेपाळने बांगलादेशाला वीज विकायला सुरुवात केली आणि त्याच दिवशी ती थांबवली. बिघाड झाला नव्हता, भांडणही नव्हतं. करारच तसा होता. हिमालयातल्या नद्या दुथडी भरून वाहतात त्या पाच महिन्यांत, दर वर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर, नेपाळने ४० मेगावॉट द्यायचे. पण काठमांडूत नेपाळ, भारत आणि बांगलादेश या तिघांच्या सह्या व्हायलाच ३ ऑक्टोबर उजाडला. पुढचे सोपस्कार पुरे होईतो मोसम सरला. निदान मुहूर्त तरी हुकू नये म्हणून शेवटच्या दिवशी बटण दाबून समारंभ उरकण्यात आला. रोजची विक्री सुरू झाली ती पुढच्या वर्षीच्या १५ जूनपासून.

चाळीस मेगावॉट म्हणजे डोळ्यांत भरावं असं काही नाही. कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे. हा तिचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. तरी एवढ्याशा विजेसाठी तीन देशांची सरकारी खाती कित्येक वर्षं एकमेकांना पत्रं लिहीत होती. नेपाळकडे पावसाळ्यात वीज उतू जाते, बांगलादेशाला ती हवी आहे, आणि मध्ये भारताची एक चिंचोळी पट्टी आहे. नकाशावर दोन्ही देश हाकेच्या अंतरावर दिसतात. व्यवहारात त्या पट्टीतून जायचं म्हणजे भारताच्या तारा, भारताचे नियम आणि भारताची मर्जी.

या व्यवहारात नेमकं काय घडतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. नेपाळमधल्या ढल्केबरहून निघालेली ४०० केव्हीची लाइन बिहारमधल्या मुझफ्फरपूरला येते. तिथल्या मीटरवर नेपाळची वीज मोजली जाते. ढल्केबर ते मुझफ्फरपूर या टप्प्यात जी गळती होईल ती नेपाळच्या माथी. तिथून पुढची बांगलादेशाच्या. नेपाळला भाव मिळतो युनिटला ६.४ अमेरिकी सेंट, म्हणजे एका मोसमाचे सुमारे ९२ लाख डॉलर. मधला व्यापारी एनटीपीसीची विद्युत व्यापार निगम. तिचं कमिशन आणि भारतीय पारेषणाचं भाडं बांगलादेशाने द्यायचं. नेपाळच्या त्रिशुली नदीवर तयार झालेली वीज ढाक्याच्या पंख्यापर्यंत पोचते का? तिचा माग कुणालाच काढता येणार नाही. नेपाळने मुझफ्फरपूरला चाळीस मेगावॉट ओतले, त्याच घटकेला भारताने मुर्शिदाबादजवळच्या बहरामपूरहून चाळीस मेगावॉट पलीकडे भेरामाराला सोडले, आणि वहीत दोन नोंदी जुळल्या, की विक्री झाली. सीमेपार वीज व्यापार म्हणजे मुळात हिशेबाची शिस्त आहे. तारा हा त्यातला सोपा भाग.

पुढच्या पानांचा विषय हाच: देशादेशांच्या वीज जाळ्या आणि वीज बाजार एकमेकांत गुंफण्याचा खटाटोप, आणि सूर्य-वाऱ्याच्या विजेने त्याला आणलेली घाई. हा विषय एरवी अभियंते आणि मंत्रालयातले सचिव यांच्यापुरता राहतो. वाचकाला त्याचं दर्शन घडतं ते बातमीच्या मथळ्यातून: अमुक देशाशी सामंजस्य करार, तमुक समुद्राखालून केबल. त्यातलं किती खरं, किती हौसेचं, हे ओळखायला थोडी पूर्वतयारी लागते.

कोळशाच्या काळात शेजाऱ्याची वीज ही सोय होती. कोळसा ढीग लावून ठेवता येतो. हवा तेव्हा जाळला, की हवी तेव्हा वीज. सूर्य आणि वारा कुणाचं ऐकत नाहीत. राजस्थानात भर दुपारी सौरवीज इतकी होते की बाजारात भाव कोसळतो. दिवेलागणीला तोच भाव वर सरकत नियामकाने ठरवलेल्या दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. त्याच दिवशी, त्याच तारेत. तेव्हा आता प्रश्न वीज किती, एवढाच उरलेला नाही. ती कोणत्या पंधरा मिनिटांत आहे हा आहे. भारताच्या वीज बाजारात दिवसाचे असे ९६ तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा निघतो. युरोपनेही ऑक्टोबर २०२५ पासून उद्याच्या विजेचा लिलाव तासाऐवजी पाव तासावर आणला.

वेळेचा हा फरक भरून काढायचे मार्ग मोजकेच. बॅटरी, पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारे उदंचन प्रकल्प, मागणीला लगाम, किंवा ज्याची वेळ आपल्यापेक्षा वेगळी आहे असा शेजारी. या चौथ्या मार्गाचा सर्वात जुना आणि यशस्वी संसार उत्तर युरोपात आहे. डेन्मार्क सपाट आणि वाऱ्याचा. तिथली निम्म्याहून अधिक वीज आज पवनचक्क्यांची. नॉर्वे डोंगराळ आणि पाण्याचा. युरोपातल्या जलाशयांत साठवता येणाऱ्या विजेपैकी जवळजवळ निम्मी एकट्या नॉर्वेत. १९७०च्या दशकातच दोघांनी स्कॅगरॅक सामुद्रधुनीखालून केबल टाकली. डेन्मार्कला वारा सुटला की नॉर्वे आपली टर्बाइनं मंद करतो आणि डॅनिश वीज वापरतो. धरणात पाणी तसंच राहतं. वारा पडला की तेच पाणी सोडून वीज परत धाडतो. नॉर्वेने वाऱ्याचं एक युनिटही कुठे साठवलं नाही, फक्त स्वतःचं पाणी वाचवलं. पण डेन्मार्कच्या दृष्टीने परिणाम एकच.

या जोडीला बाजाराची चौकट मिळाली १९९६ मध्ये. नॉर्वे आणि स्वीडन यांनी मिळून नॉर्ड पूल हा वीज बाजार उभा केला, दोन देशांचा सामाईक असा जगातला पहिला. मग फिनलंड आला, डेन्मार्क आला. इथलं वैशिष्ट्य असं, की तार आणि भाव यांचा लिलाव एकत्रच होतो. व्यापाऱ्याने आधी तारेवर जागा राखायची आणि मग गिऱ्हाईक शोधायचं, ही कटकट नाही. सगळ्यांच्या बोली एका गणितात घातल्या जातात आणि कोणत्या तारेतून किती वीज कोणत्या दिशेने जावी हे तेच गणित ठरवतं. स्वस्ताकडून महागाकडे, तार भरेपर्यंत. तार भरली की दोन बाजूंचे भाव फुटतात. पुढे जवळपास सगळ्या युरोपीय संघाने हीच पद्धत उचलली.

मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये, कारण यातला बराच भाग भारतात, आणि विशेष म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत, डोळ्यांदेखत घडलेला आहे. ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत दक्षिण भारताची ग्रिड उरलेल्या देशापासून वेगळ्या ठेक्यावर चालत होती. दोघांमध्ये वीज जायची ती मोजक्या ठिकाणांहून. त्यातलं एक चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावती. तिथे एकाच आवारात पश्चिमेची वीज एसीची डीसी करायची आणि लगेच पुन्हा दक्षिणेच्या ठेक्याची एसी करून पुढे लोटायची. क्षमता हजार मेगावॉट. दक्षिणेत टंचाई असली, उत्तरेत वीज पडून असली, तरी या अरुंद दारांतून जाईल तेवढीच जायची, आणि दक्षिणेतल्या राज्यांना बाजारात चढा भाव मोजावा लागायचा. त्या वर्षअखेरीला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि काश्मीर ते कन्याकुमारी सगळी यंत्रं एका लयीत फिरू लागली. बहरामपूर-भेरामारा जोडणीत आज जे बसवलेलं आहे ते तत्त्वतः भद्रावतीचंच यंत्र. २०१३ च्या ऑक्टोबरात ५०० मेगावॉटने ते सुरू झालं, पुढे हजारावर गेलं. भारत आणि बांगलादेश अशा रीतीने जोडलेलेही आहेत आणि एकमेकांच्या बिघाडापासून अलगही. नेपाळ आणि भूतान मात्र भारताच्याच ठेक्यावर चालतात.

हा ठेका म्हणजे फ्रिक्वेन्सी, सेकंदाला पन्नास आवर्तनं. एका ग्रिडमध्ये ती सगळीकडे एकच असते. कुणी जास्त ओढलं की सगळ्यांची खाली येते, कुणी मागणीपेक्षा जास्त निर्माण केलं की सगळ्यांची वर जाते. सामाईक विहिरीवर एकाने आपल्या पाळीबाहेर मोटर चालवली की साऱ्या भाऊबंदांना पातळी उतरलेली दिसते, तसा हा प्रकार. २००२ पूर्वी भारतात राज्यं खुशाल ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत आणि फ्रिक्वेन्सी पार ४८ च्या आसपास घसरे. त्यावर भानू भूषण या अभियंत्याच्या कल्पनेतून निघालेला तोडगा मोठा चतुर होता: वेळापत्रकाबाहेर ओढलेल्या विजेचा भाव त्या क्षणीच्या फ्रिक्वेन्सीवर ठरवायचा. काटा खाली असताना ओढाल तर जबर भाव भराल. त्याच वेळी कमी ओढाल तर पैसे मिळतील. जुलै २००२ मध्ये ही पद्धत सर्वांत आधी पश्चिम विभागात, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा यांच्यात लागू झाली. उपदेश आणि परिपत्रकांनी जे वर्षानुवर्षं साधलं नव्हतं ते बिलाने साधलं. आजही परदेशाशी ग्रिड जोडताना पहिला प्रश्न हाच येतो, की ठरल्यापेक्षा जास्त ओढणाऱ्याला दंड कोण करणार आणि तो वसूल कोण करणार.

युरोपला याचं उत्तर एकदा नीट देता आलं नाही, तेव्हा गंमत झाली. २०१८ च्या जानेवारीच्या मध्यापासून पंचवीस देशांतली ओव्हनवरची आणि गजराची घड्याळं हळूहळू मागे पडू लागली. मार्चच्या सुरुवातीला ती सहा मिनिटं मागे होती. ही घड्याळं तारेतली आवर्तनं मोजून वेळ दाखवतात, आणि सरासरी फ्रिक्वेन्सी पन्नासऐवजी ४९.९९६ झाली होती. कारण होतं कोसोवो आणि सर्बिया यांचं भांडण. कोसोवो निर्माण करत होता त्यापेक्षा जास्त वापरत होता. त्या भागाचा तोल सांभाळणं सर्बियाच्या अंगावर होतं आणि त्याने ते केलं नाही. तूट जमली ११.३ कोटी युनिटची. लिस्बनमधल्या एखाद्या कारकुनाला सकाळची गाडी चुकली असेल तर तिचं मूळ बाल्कनमधल्या राजकारणात होतं.

गंमत दर वेळी सहा मिनिटांवर भागत नाही. ४ नोव्हेंबर २००६ च्या रात्री जर्मनीत एम्स नदीतून एक नवं प्रवासी जहाज समुद्राकडे न्यायचं होतं. त्याला वाट द्यायला नदीवरून जाणारी ३८० केव्हीची लाइन बंद केली गेली. तिचा भार शेजारच्या तारांवर गेला, त्या पडल्या, आणि अर्ध्या-पाऊण तासात युरोपची ग्रिड तीन तुकड्यांत फाटली. दीड कोटीहून अधिक घरं अंधारात गेली, त्यांत फ्रान्स आणि इटलीतलीही. भारताचा असा दिवस ३१ जुलै २०१२. उत्तर, पूर्व आणि ईशान्य एकदम कोसळले आणि साठ कोटींवर लोकवस्तीच्या प्रदेशात वीज गेली. आपला पश्चिम विभाग त्या दिवशी तगला. मोठी ग्रिड क्वचित पडते, पण पडते तेव्हा मोठी पडते, हे जोडणीच्या विरोधकांचं म्हणणं खोटं नाही.

दुसरी बाजू ९ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी दिसली. सकाळी साडेअकराच्या सुमाराला सगळा श्रीलंका अंधारात गेला. पानदुरा इथल्या सबस्टेशनात माकड शिरलं, असं ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं आणि जगभर हसू झालं. माकडाने निमित्त पुरवलं हे खरं, पण एका माकडाने देश बंद पडावा इतकी ती ग्रिड त्या घटकेला नाजूक का होती? रविवार, म्हणून मागणी कमी. ऊन कडक, म्हणून छतांवरच्या सौर पॅनेलांची वीज भरपूर. त्यामुळे अवजड जनित्रं मोजकीच चालू होती. शेकडो टनांचं फिरतं चाक धक्का बसला तरी लगेच थांबत नाही. ते काही सेकंद देतं आणि तेवढ्यात बाकीची यंत्रणा सावरते. सौर पॅनेलात फिरणारं काहीच नाही. बेटाला शेजारी नाही, त्यामुळे उसनी घ्यायला दुसऱ्या कुणाची चाकंही नाहीत. भारत-श्रीलंका समुद्राखालच्या केबलची चर्चा १९७०च्या दशकापासून चालू आहे. अजून ती चर्चाच आहे.

योगायोग असा, की त्याच रविवारी एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया यांनी युरोपच्या ग्रिडशी नातं जोडलं. आदल्या दिवशी त्यांनी रशियाच्या ग्रिडला, सोव्हिएत काळापासूनच्या त्या बांधिलकीला, कायमचा रामराम ठोकला होता. स्वतंत्र होऊन तीन दशकं झाली, नाटो झाली, युरो झाला, तरी त्यांच्या दिव्यांचा ठेका मॉस्कोहून सांभाळला जात होता. युक्रेनची कथा तर कादंबरीत घातली तर अतिरेकी वाटावी. रशियापासून तोडून तीन दिवस एकटं चालून बघायची चाचणी त्याने आधीच ठरवली होती, आणि ती नेमकी २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटेआधी सुरू झाली. काही तासांतच रणगाडे आत घुसले. चाचणी संपल्यावर परत रशियाशी जोडायचा प्रश्नच उरला नाही. युक्रेनची वीज यंत्रणा युद्धात तीन आठवडे एकटी टिकली आणि १६ मार्चला, ठरल्यापेक्षा कितीतरी आधी, युरोपने तिला जोडून घेतलं. ग्रिड कुणाशी जोडायची हा निर्णय परराष्ट्र खात्याचाही असतो, हे यापेक्षा ठळकपणे सांगायची गरज नसावी.

आता पैशाकडे. जोडणीच्या अहवालांत एक वाक्य हमखास असतं, की दोन्ही देशांचा फायदा होतो. देशांचा होतोच. देशांतल्या सगळ्यांचा होत नाही, आणि इथे अहवाल बहुधा गप्प असतात. नॉर्वेने २०२१ मध्ये जर्मनी आणि ब्रिटन यांच्याशी प्रत्येकी १,४०० मेगावॉटच्या केबला चालू केल्या. ब्रिटनची केबल ७२० किलोमीटरची. लगोलग युरोपात गॅसचा भाव भडकला आणि त्याची झळ या केबलांतून दक्षिण नॉर्वेच्या घरांत आली. नॉर्वेजियन माणूस घर विजेवर गरम ठेवतो. स्वस्त वीज त्याला आपल्या डोंगरांचा हक्क वाटते. धरणं बहुतेक सरकारच्या आणि नगरपालिकांच्या मालकीची, त्यामुळे चढ्या भावाचा नफा सार्वजनिक तिजोरीतच गेला. पण बिल घरी येतं आणि नफा अंदाजपत्रकात दिसतो, तेव्हा राग बिलाचाच येतो. सरकारने ठरावीक पातळीवरच्या भावाचा ९० टक्के भार स्वतः उचलला, ऑक्टोबर २०२५ पासून घरांसाठी ठरलेल्या भावाची योजनाही आणली. त्याआधी, जानेवारी २०२५ मध्ये, युरोपीय संघाचे ऊर्जा नियम स्वीकारण्यावरून सत्तेतला एक भागीदार पक्ष बाहेर पडून आघाडी मोडली होती. स्वीडनने २०२४ मध्ये जर्मनीची आणखी एक केबल साफ नाकारली. कारण दिलं ते असं: जर्मनीने आधी आपल्या देशात उत्तर-दक्षिण वेगळे भाव ठेवावेत, मग आमच्या दारात यावं.

नॉर्वेसारख्या श्रीमंत देशाची ही तऱ्हा, तर दक्षिण आशियात काय होत असेल? इथे मात्र चित्र अनपेक्षित आहे. नेपाळमध्ये २०१६ पर्यंत हिवाळ्यात भारनियमन होतं, वाईट वर्षांत दिवसाचे सोळा-अठरा तास. महाराष्ट्राने भारनियमन भोगलेलं आहे, पण त्यालाही हा आकडा ऐकून घाम फुटावा. त्या वर्षी सप्टेंबरात कुलमान घिसिंग वीज प्राधिकरणाचे प्रमुख झाले आणि तिहारच्या, म्हणजे दिवाळीच्याच दिवसांत काठमांडूत दिवे गेले नाहीत. ते घराघरांत हिरो ठरले. पुढे २०२५ मध्ये अंतरिम सरकारात ऊर्जामंत्रीही झाले. त्यांनी बड्या कारखान्यांना मिळणारा खास पुरवठा आवळला, हे सगळे सांगतात. त्याच वर्षी ढल्केबर-मुझफ्फरपूर लाइन चालू होऊन भारताची वीज येऊ लागली होती, हे कमी सांगितलं जातं. मग नेपाळचे स्वतःचे प्रकल्प पुरे होत गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने भारताच्या वीज बाजारात पहिल्यांदा वीज विकली, फक्त ३९ मेगावॉट. २०२३-२४ या आर्थिक वर्षात त्याने विकलेली वीज विकत घेतलेल्या विजेपेक्षा थोडी जास्तच भरली.

ही विक्री दिसते तेवढी मोकळी नाही. रोज सकाळी दहा ते बारा या वेळात उद्याच्या ९६ तुकड्यांसाठी बोली लावायची, इथवर नेपाळ कुठल्याही भारतीय राज्यासारखाच. पण कोणत्या प्रकल्पाची वीज विकायची त्याची यादी आधी दिल्लीतून मंजूर करून घ्यावी लागते, एकेका प्रकल्पाची. ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी कंत्राटदार, त्याची वीज भारत घेत नाही. नेपाळने स्वतःच्या पैशाने बांधलेला ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी या कात्रीत सापडला. बांधकामाचं कंत्राट चिनी कंपनीकडे होतं. तारेतून वाहणारी वीज चिनी की नेपाळी हे भौतिकशास्त्राला सांगता येणार नाही, पण सीमेवरचा बाबू सांगू शकतो. भारताची सुरक्षेची भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. मात्र एकच मोठा ग्राहक, एकच वाट आणि मंजुरीची किल्ली त्याच्याच हाती, ही शेजाऱ्याला बोचणारी स्थिती आहे हेही कबूल करायला हवं.

भूतानचा मार्ग निराळा. तिथे भारताने १९८०च्या दशकात ३३६ मेगावॉटचा चुखा प्रकल्प बांधून दिला, साठ टक्के अनुदान आणि चाळीस टक्के कर्ज, आणि उरलेली वीज स्वतः विकत घेतली. ताला, मांगदेछू हे त्याच वाटेने आले. त्या देशाचं उत्पन्न आजही मोठ्या प्रमाणावर या विक्रीवर उभं आहे. पण नद्या हिवाळ्यात आटतात आणि तेव्हा भूतान २०२२ पासून भारताच्या बाजारातून वीज विकत घेतो. पाण्याची ही दोन्ही राष्ट्रं पावसाळ्यात दाते आणि हिवाळ्यात याचक. भारताची सौरवीज नेमकी उलटी: पावसाळ्यात ढगांनी मंदावणारी, हिवाळ्यात आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी भरात. निसर्गाने इतकी चांगली जोडी क्वचितच जुळवून दिली असेल.

या चित्रात एक मोठा काळा ठिपका आहे आणि तो टाळून चालणार नाही. भारतातून बांगलादेशात जाणारी सर्वांत मोठी वीज हिरवी नाही. ती झारखंडमधल्या गोड्डा इथल्या अदानींच्या १,६०० मेगावॉटच्या केंद्राची आहे, आयात कोळशाची, खास त्या देशासाठी बांधलेली आणि स्वतंत्र तारेने थेट तिकडे नेलेली. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला, थकबाकी साचली, पुरवठा निम्म्यावर आला. त्याच ऑगस्टमध्ये भारताने नियम बदलून अशा केंद्राला देशात वीज विकायची मुभा दिली. एकाच विक्रेत्याचा, एकाच तारेचा दीर्घ करार आणि अनेक विक्रेत्यांचा खुला बाजार यांत किती अंतर आहे, ते या प्रकरणात कळतं. सीमा ओलांडली म्हणून वीज स्वच्छ होत नाही आणि व्यवहारही.

मोठ्या स्वप्नांचंही थोडं बघायला हवं. ‘एक सूर्य, एक विश्व, एक ग्रिड’ ही घोषणा भारताने २०१८ मध्ये केली आणि २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ब्रिटनसोबत तिला जागतिक उपक्रमाचं रूप दिलं. कल्पना देखणी आहे: सौदी अरेबियाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, तेव्हा मुंबईत दिवे लागतात त्या वेळी रियाधला अजून ऊन असतं. २०२३ मध्ये सौदीशी वीजजोडणीचा सामंजस्य करारही झाला. पण सार्डिनिया बेटाला इटलीशी जोडणारी केबल सुमारे १,६०० मीटर खोल आहे आणि ती खोल केबलांत गणली जाते. ओमान ते गुजरात अरबी समुद्राचा तळ त्याच्या जवळपास दुप्पट खोल जातो. शिवाय मोरोक्कोतून ब्रिटनला वीज आणणाऱ्या सुमारे चार हजार किलोमीटरच्या केबलला ब्रिटिश सरकारने जून २०२५ मध्ये पाठिंबा नाकारला. समुद्राहून कठीण असतं ते पंचवीस-तीस वर्षांच्या भावाची हमी देणारं कुणी मिळणं.

त्यामानाने जमिनीवरच्या, कमी लांबीच्या, कंटाळवाण्या तारा जास्त काम करतात. नेपाळच्या बुटवलहून गोरखपूरला येणारी ४०० केव्हीची दुसरी मोठी लाइन बांधली जात आहे. तिच्या नेपाळमधल्या भागाला आणि देशांतर्गत तारांना पैसा अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशनचा. तो घ्यावा की नाही यावरून काठमांडूत रस्त्यावर दगडफेक झाली, अश्रुधूर झाला, आणि २७ फेब्रुवारी २०२२ ला संसदेने कसाबसा करार मंजूर केला. भारताने जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत दहा हजार मेगावॉट घेण्याचं मान्य केलं आहे. ते आकडे कागदावरून तारेत उतरायचे तर बुटवलसारख्या आणखी लाइनी लागतील. सप्टेंबर २०२४ च्या पुरात अनेक जलविद्युत प्रकल्प बंद पडले, तसं पुन्हा झालं तर तूट कुणी भरायची हेही करारात लिहावं लागेल. आणि ढाक्यातल्या खरेदीदाराला दिल्लीच्या मध्यस्थाविना थेट त्या ९६ तुकड्यांत बोली लावता येईल का, यावर तिन्ही देशांच्या नियामकांना एकत्र बसावं लागेल. अशी बैठक भरवणारी, सगळ्यांना बांधून ठेवणारी कुठलीही संस्था दक्षिण आशियात आज नाही. सार्कचा वीज सहकार्य करार २०१४ मध्ये काठमांडूतच झाला होता. त्यानंतर सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही.